तृप्तीला सोडून सगळ्यांना

हेमा गेली असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या हातात तिच्या चपला होत्या. सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. आम्ही तिला उचलून रिक्षात घातलं तेव्हा ती अनवाणी होती. परत येताना लागतील म्हणून मी चपला बरोबर घेतल्या होत्या. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल समजावून सांगत होते. मी मान हलवत होतो.

माझे मेहुणे बळवंतराव, हेमाचे धाकटे भाऊ, दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. डोळे पुसले आणि फोन काढून त्यावर काहीतरी करू लागले. मला वाटलं, कुणाला तरी कळवत असतील.

आम्ही तिला घरी आणलं तोवर अंगण भरलं होतं. बार्शीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, त्यामुळे ओळखी पुष्कळ. मधल्या खोलीत तिला ठेवलं. बायका तिच्याभोवती बसल्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर माझ्या मागोमाग पल्लवी आली. पल्लवी ही माझ्या पुतण्याची बायको. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची.

"आण्णा, तृप्तीताईंना कुणी सांगितलंय का?"

"नाही अजून. आधी निरंजनरावांशी बोलतो, मग मी सांगतो."

"तुम्ही सांगायच्या आधी त्यांना हे दिसेल," असं म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला.

हेमाचा फोटो होता. पल्लवीच्याच लग्नातला, नाकात नथ असलेला. खाली दोन समया आणि फुलं, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बळवंतरावांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून स्टेटस ठेवलं होतं.

तृप्ती आमची एकुलती एक मुलगी. बडोद्याला दिली होती. तिला नववा लागत होता. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलं होतं, पण बी.पी. वाढलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला बंदी घातली. पलंगावरून उठायचं ते फक्त गरजेपुरतं. म्हणून हेमाच बडोद्याला जाणार होती. बॅग भरून ठेवलेली होती.

मी जावयांना फोन लावला. निरंजनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आण्णा, मी आत्ता डॉक्टरांशी बोलून तुम्हाला परत करतो." थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "त्या म्हणाल्या, आत्ता हे तिच्या कानावर पडलं तर मी बाळाचीही खात्री देत नाही आणि आईचीही. बाळ होईपर्यंत सांगू नका. आण्णा, मला काय बोलावं कळत नाही. आईंचं शेवटचं तोंड ती बघणार नाही."

"जीव वाचू द्या दोघांचा," मी म्हणालो. "आत्ता काय करतेय?"

"पडलीय. तिचा फोन मी चार्जिंगच्या नावाखाली बाहेर आणून ठेवलाय. पण फार तर तासभर. जेवण झालं की ती आईला फोन करते."

मी पल्लवीला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला आणि अंगणात गेली.

"मामा, तुमचं स्टेटस आधी काढा."

"का गं?" बळवंतराव म्हणाले.

"तृप्तीताई बघतील. त्यांना बाळ होईपर्यंत काही कळू द्यायचं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

बळवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी फोन खिशातून काढला, पण हातातच धरून ठेवला.

"दाजी, काढतो मी. पण सख्खा भाऊ आहे तिचा. माझ्याच फोनवर बहिणीचा फोटो नाही म्हणल्यावर लोक काय म्हणतील? तिनं ज्यांना कधी दारात उभं केलं नाही, त्यांनी टाकलाय सकाळपासनं."

"मामा, काढून टाकायचा नाहीये. तृप्तीताईंना दिसणार नाही असा ठेवायचाय."

"असं असतंय व्हय?"

"असतंय. द्या इकडं."

तिने फोन घेतला. आम्ही चारपाचजण तिच्याभोवती उभे राहिलो. तिने स्क्रीनवरच्या एका डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं. "कोणी कोणी बघितलं ते इथं येतं." मग ती नावं वाचत खाली जाऊ लागली. दूधवाला, बँकेतले साहेब, सोलापूरचे व्याही, केबलवाला. नावं संपत नव्हती. "तृप्ती नावाचं कुणी दिसत नाही. मामा, त्यांचं नाव तृप्तीच आहे ना तुमच्यात?"

"छकुली. छकुली बडोदा म्हणून हाय."

पल्लवी पुन्हा वर गेली आणि सगळी नावं परत वाचली. छकुली नव्हती. बळवंतराव तिथेच ओट्यावर बसले.

"आता सगळ्यांचे फोन आणा," पल्लवी म्हणाली. "आधी आहे ते काढायचं. मग सेटिंग बदलायचं. मग पाहिजे त्याने परत ठेवायचं. याच्या उलटं केलं तर उपयोग नाही, आधीचं त्यांना दिसतच राहील."

अंगणात लोकांची रांग लागली. तिकडे तिरडीचं सामान आलं होतं, बांबू तासत होते, आणि इकडे माणसं फोन हातात घेऊन पल्लवीपुढे उभी होती. ती एकेकाला दाखवत होती. "हे बघा, इथं 'माझे कॉन्टॅक्ट' आहे. याच्या खाली 'यांना सोडून' आहे. त्यात तृप्तीताईंचं नाव घालायचं. म्हणजे तुम्ही काहीही ठेवा, सगळ्यांना दिसेल, त्यांना दिसणार नाही."

"कायमचं?" हेमाची बहीण शैला हिने विचारलं.

"नाही मावशी. नंतर परत करून देते मी."

शैलाने फोन दिला. तिच्या फोनमध्ये तृप्तीचं नाव 'माझं बाळ' असं होतं. पल्लवीने ते नाव शोधलं, खूण केली आणि फोन परत दिला. शैला रडायला लागली.

माझी चुलती जनाकाकू काठी टेकत आली. "माझा पण बघ गं बाई, काय असंल तर."

"काकू, तुमचा बटणांचा आहे. त्यात काही दिसत नाही कुणाला."

"मग चांगलंच केलं मी. नातू नवा देत होता, घेतला नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तृप्तीच्या शाळेतल्या मैत्रिणी गावात होत्या, त्यांना पल्लवीने एकेकीला फोन केला. चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचं ठरत होतं, ते मी थांबवलं. कुणी फोटो काढला तर तो कुठे जाईल सांगता येत नव्हतं. घरच्या ग्रुपमध्ये तृप्ती होती, म्हणून पल्लवीने तिला सोडून दुसरा ग्रुप केला आणि सगळ्यांना बजावलं, "जुन्या ग्रुपवर कुणी एक अक्षर टाकायचं नाही. चुकूनसुद्धा." मग हेमाचा फोन घेतला. त्यातली निळी खूण बंद केली. शेवटचं कधी बघितलं ती वेळ दिसायची, तीही बंद केली.

"आता ताईंचा मेसेज आला तर वाचला की नाही ते त्यांना कळणार नाही," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

तो हातात असतानाच वाजला. त्यावर तृप्तीचा फोटो आला.

मी मधल्या खोलीच्या दारात उभा होतो. बायका रडत होत्या. पल्लवीने आत बघून दोन्ही हात हलवले. एकदम सगळं थांबलं. जनाकाकूने पदराचा बोळा तोंडात धरला. अंगणात बांबू तासणारा माणूस कोयता हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आण्णा? तुम्ही कसा काय उचलला? आई कुठंय?"

"झोपलीय. अंगात ताप आहे तिच्या."

"किती?"

"आहे थोडा. डॉक्टर बघून गेले."

"एवढं शांत कसं काय आहे? टीव्ही पण बंद?"

"डोकं दुखतंय म्हणाली, म्हणून बंद केला."

"बरं. उठली की सांगा मी फोन केलेला. आणि म्हणावं, ताप असताना पाणी भरायला उठू नको. तुम्ही भरा एक दिवस."

"भरतो."

मी बोलत होतो तेव्हा हेमा समोरच होती. तिला कुंकू लावून झालं होतं. फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने आम्ही तिला घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच तृप्तीचा फोन आला. या वेळी माझ्या फोनवर. ती एवढ्या सकाळी कधी करत नसे. मी उचलला.

"आण्णा," ती म्हणाली.

"बोल की. बरं वाटतंय ना तुला?"

"हो. तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालंय. आईचा ताप आहे अजून. अंगावर फोड आलेत. कांजिण्या आहेत म्हणतात. घशात पण आलेत, बोलता येत नाही तिला. आता तुझ्याकडे कसं येणार ती, तुला बाधतील ना." हे सगळं आम्ही आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं.

मला वाटलं फोन कट झाला.

"तृप्ती?"

"आहे आण्णा. चहा घेतला का तुम्ही?"

"घेतो आता."

"घ्या. साखर नका घालू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने आईला फोन केला नाही. मेसेज करायला लागली. हेमाच्या फोनवर पहिला मेसेज आला: 'आई बोलू नकोस. नुसतं लिही. कशी आहेस?'

मला टाइप करता येत होतं, पण हळूहळू. 'मी बरी आहे' एवढं लिहून पाठवायला मला बराच वेळ लागला. पल्लवी म्हणाली, मी लिहिते. मी नको म्हणालो.

मग रोज मेसेज येऊ लागले. 'आई, आण्णांची शुगरची गोळी सकाळची असते. विसरतात ते, तू आठवण कर.' मी उठून गोळी घेतली आणि लिहिलं, 'दिली'. 'आई, आण्णांना जेवताना एकटं बसवू नको. कुणीतरी बसू दे जवळ.' मी लिहिलं, 'पल्लवी बसते'. त्या दिवसापासून खरंच पल्लवीला बसायला सांगितलं. एकदा तिने लिहिलं, 'आई, आण्णांना म्हणावं तासभर तरी दुकान उघडा. घरात बसून आजारी पडतील.' मी लिहिलं, 'सांगते'. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. कधीपासून एक मोटार जळून पडली होती, ती खोलून बसलो. हातांना काम मिळालं.

मला तेव्हा वाटायचं, बिचारी पोर पलंगावर पडल्या पडल्या आमची काळजी करतेय.

इकडे दहावं झालं, बारावं, तेरावं झालं. तृप्तीचा मेसेज त्या दिवशीही आला. 'आई, आज मला सीताफळ खावंसं वाटतंय.' मी निरंजनरावांना कळवलं. त्यांनी आणून दिलं.

मग तिला मुलगी झाली. सिझेरियन झालं, दोघी सुखरूप होत्या. बाळाचा फोटो पहिल्यांदा हेमाच्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं, 'आई, बघ.' मी उत्तर दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आता सांगा म्हटल्यावर आम्ही बडोद्याला गेलो. मी, बळवंतराव आणि पल्लवी. सगळ्या प्रवासात बळवंतराव मला विचारत होते, "दाजी, कसं सांगणार तुम्ही?" मी म्हणायचो, "बघू."

तृप्ती पलंगावर बसली होती. बाळ शेजारी झोपलं होतं. सगळे आत आलो तसं ती म्हणाली, "मामा, जरा बाहेर बसता का? मला आण्णांशी बोलायचंय." पल्लवीने बळवंतरावांना बाहेर नेलं. निरंजनरावांनीही बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

मी खुर्ची पुढे घेतली. "तृप्ती, तुला एक सांगायचंय. आई..."

"माहीत आहे, आण्णा."

मला वाटलं तिला कांजिण्यांचं म्हणायचंय. "तसं नाही," मी म्हणालो.

"आई गेली. मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं? निरंजनरावांनी?"

"कुणी नाही. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत नाही."

"मग?"

ती बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत बोलली. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठून फोन बघितला. रोज उठलं की स्टेटसला शैलामावशीचं गुलाबाचं फूल असतं. मामाचा गणपती असतो. त्या जळगावच्या काकांचं शुभ सकाळ असतं. मी कधी धड बघायचे पण नाही, अंगठ्यानं सरकवत जायचे. त्या दिवशी काहीच नव्हतं. एकाचंही नाही. ग्रुपवर पण सगळं शांत. आधी वाटलं नेट गेलं. पण शेजारच्या भाभींचं दिसत होतं, ऑफिसातल्या मुलींचं दिसत होतं. फक्त आपलीच माणसं नव्हती."

मी ऐकत होतो.

"एवढी माणसं एकाच दिवशी माझ्यापासून काय लपवतील? तुम्हा दोघांपैकी कुणीतरी, एवढं कळलं. कोण, ते कळत नव्हतं. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही उचललात."

फोनवरची ती सकाळ मला आठवली. मी कांजिण्यांचं सगळं नीट सांगितलं होतं. माझा आवाज ऐकल्यावर तिला बाकी काही ऐकायची गरज नव्हती.

"निरंजनच्या फोनमध्ये बघता आलं असतं," ती म्हणाली. "नाही बघितलं. बघितलं असतं तर रडावं लागलं असतं. सकाळ-संध्याकाळ नर्स बी.पी. बघायला यायची. मी ठरवलं, बाळ होईपर्यंत आई आजारी आहे. कांजिण्या आहेत तिला."

"मग ते मेसेज? आईला का लिहीत होतीस?"

"तुम्ही वाचत होतात ना."

तिने हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही 'मी बरी आहे' असं लिहिलंत ना आण्णा, तेव्हा थोडा वेळ मला खरंच वाटलं."

बाहेर निरंजनराव, पल्लवी आणि बळवंतराव आमची वाट बघत होते. आम्ही हे त्यांना सांगितलं तेव्हा पल्लवी भिंतीला टेकून उभी राहिली. "ताई, मी फोटो लपवायचा विचार केला," ती म्हणाली. "फुलांचा केलाच नाही."

"तुझ्यामुळं मला ते फोनवर वाचावं लागलं नाही," तृप्ती म्हणाली. "मामाच्या स्टेटसवर आईचा फोटो बघून कळलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही."

बळवंतराव खाली मान घालून म्हणाले, "छकुले, मला त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही गं."

"मला दाखवा की आता, मामा."

त्यांनी फोन काढला. स्टेटस केव्हाच निघून गेलं होतं, पण फोटो होता. तृप्तीने तो मोठा करून बघितला. "नथ कुणाची घातलीय आईनं?" तिने विचारलं. पल्लवी म्हणाली, "माझ्या आईची. ऐनवेळी हेमाकाकूंची सापडत नव्हती." तृप्तीने फोन परत दिला.

त्याच संध्याकाळी पल्लवीने सगळ्यांना फोन करून सेटिंग पूर्ववत करायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तृप्तीच्या खोलीत चहा घेऊन गेलो, तर ती बाळाला मांडीवर घेऊन फोन बघत होती. शैलाचं गुलाबाचं फूल आलं होतं. ती ते सरकवत नव्हती. ते आपोआप जाईपर्यंत बघत होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "आण्णा, मला तो दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून. आईनं काय केलं, काय खाल्लं, काय बोलली. घरातून नेलं तिथपर्यंत. सगळ्यांनी तो दिवस बघितला, मी नाही."

मी म्हणालो, "सांगतो." सुरुवातही केली. ती उठली, दारात पाणी शिंपडलं, इथपर्यंत आलो आणि पुढे बोलता येईना. बाळ जागं झालं. तृप्ती म्हणाली, "राहू द्या आण्णा, नंतर सांगा."

याला आता काही वर्षं झाली. बाळ शाळेत जातं. मी दर दिवाळीला बडोद्याला जातो, मे महिन्यात त्या दोघी इकडे येतात. तृप्तीने परत विचारलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही. तो दिवस तिला सांगायचा राहिला आहे.